नमुना पुन्हा घ्यावा

१

घशाचा नमुना घ्यायला दहा सेकंद पुरतात. माणसाला खुर्चीवर बसवायचं, मान मागे टाकायला सांगायची, जीभ दाबायची आणि कापसाची काडी घशाच्या मागच्या भिंतीवरून दोनदा फिरवायची. काडी भिंतीला टेकली की उमासा येतो, डोळ्यांत पाणी येतं. मग काडी गुलाबी द्रवाच्या नळीत टाकायची, वरचा भाग मोडायचा, झाकण लावायचं, नाव लिहायचं. पुढचा.

२०२० च्या मे-जूनमध्ये मी हे हजारो वेळा केलं. झाशीला तेव्हा मुंबई, पुणे, सुरतेहून गावी परतणाऱ्यांच्या गाड्या येत होत्या. उतरलेल्यांपैकी ज्यांना ताप असेल किंवा ज्यांच्या घरी वेगळी खोली नसेल त्यांना कानपूर रोडवरच्या एका बंद वसतिगृहात चौदा दिवस ठेवत. मी तिथे लॅब टेक्निशियन होते. सकाळी आठला पीपीई किट चढवायचं, दुपारी दोनला उतरवायचं. मधल्या वेळात पाणीसुद्धा नाही, आणि बाहेर पारा पंचेचाळीसवर.

माझं घर सीपरी बाजारात. सासूबाई आणि मुलगी सई वर राहायच्या, मी जिन्याखालच्या खोलीत. ताट दाराबाहेर यायचं. सई दाराआडून शाळेच्या ऑनलाइन तासांच्या तक्रारी सांगायची. दोन महिने मी तिचा चेहरा नीट पाहिला नव्हता. हे सांगायचं कारण एवढंच, की ओरछा गेटच्या त्या घरात जे चाललं होतं ते मला सुरुवातीला मुळीच विचित्र वाटलं नाही. त्या दिवसांत सगळीच घरं तशी चालली होती.

२

सव्वीस मेच्या गाडीने मुकुल टेंबे आला. वय छत्तीस, पुण्यात एका पॅकेजिंग कारखान्यात सुपरवायझर. किटवर आम्ही मार्करने नावं लिहीत असू, म्हणजे आत कोण आहे ते कळावं. त्याने माझं वाचलं आणि विचारलं, "तुम्ही मराठी?"

झाशीत हा प्रश्न क्वचितच कुणी मराठीतून विचारतं. मी हो म्हणाले. त्याचं घर ओरछा गेटच्या आतल्या गल्लीत, वडील नाहीत, आई यमुनाबाई मुलींच्या शाळेत गणित शिकवायच्या. मी त्यांना नावाने ओळखत होते. शहरातल्या निम्म्या बायका त्यांना अजून "बहनजी" म्हणूनच ओळखतात.

त्याला शंभर ताप होता. नमुना घेताना जोरात उमासा आला आणि माझ्या तोंडापुढच्या पारदर्शक ढालीवर थोडी थुंकी उडाली. "सॉरी हं," तो म्हणाला आणि ओशाळून डोळे पुसत उठला.

कॉम्प्युटरवर नावं चढवणारी कमल तेवढ्यात म्हणाली, "दीदी, ये तो पहले से चढ़े हुए हैं."

मी जाऊन पाहिलं. मुकुल टेंबे. तोच आधार क्रमांक, तोच पत्ता. बावीस मेपासून घरी विलगीकरणात. दारावर पोस्टर लावल्याची नोंदही होती.

मला वाटलं, आईने आगाऊ कळवलं असेल. म्हातारी माणसं कळवतात, नोंद करणारे तारीख पाहत नाहीत. मी त्याला तसं म्हणाले.

"मी येतोय हे आईला माहीतच नाही," तो म्हणाला. "चार वर्षांत आमचं बोलणं नाही."

३

त्याचा फोन गाडीत चोरीला गेला होता. दोन वाजता किट उतरवल्यावर मी माझा फोन व्हरांड्यातल्या कठड्यावर ठेवला, नंबर लावला, स्पीकर सुरू केला आणि दोन मीटर मागे सरले. तो पुढे झाला. बोलायला त्याने मास्क हनुवटीवर ओढला.

"हॅलो, आई. मी मुकुल."

पलीकडून स्वच्छ, वर्गातल्यासारखा आवाज. "कोण बोलतंय?"

"मुकुल. झाशीत आलोय. कानपूर रोडला ठेवलंय चौदा दिवस."

"मुकुल वर आहे," यमुनाबाई म्हणाल्या.

तो माझ्याकडे बघायला लागला. फोनमधून चपलांचा आवाज आला. मग बाईंचीच हाक, जरा लांबून. "मुकुल, अरे, तुझं नाव सांगून कुणीतरी बोलतंय."

वरून उत्तर आलं. अंतर होतं, पण शब्द कळले. "ठेव फोन, आई. उगाच त्रास करून घेऊ नकोस."

तो आवाज माझ्या समोर उभ्या असलेल्या माणसाचा होता. आणि माझ्या समोर उभ्या असलेल्या माणसाचं तोंड मिटलेलं होतं.

फोन बंद झाला. मुकुलने मास्क वर केला, खाली केला, परत वर केला. "घरात कुणीतरी शिरलंय," तो म्हणाला. "आई एकटी असते हे माहीत असलेलं कुणीतरी."

मलाही तेच पटलं. फोनवर सगळे आवाज सारखेच वाटतात, असंही मी स्वतःला सांगितलं.

४

केंद्राच्या प्रमुख डॉक्टरांनी चौकीला कळवलं. दुसऱ्या दिवशी एक हवालदार जाऊन आला. पोस्टर लावलेल्या घरात पाय ठेवायला तेव्हा कुणी तयार नसे. त्याने गल्लीतूनच विचारलं, वरून मुलाने नाव सांगितलं, खालून आईने दुजोरा दिला. आई मुलाला ओळखणार नाही का, असं तो म्हणाला.

"तुम ही जाके सैंपल ले आओ," डॉक्टर मला म्हणाले. "मराठी हो, बात कर लोगी. आधार देख लेना."

अठ्ठावीस तारखेला सकाळी अकराला मी गेले. रुग्णवाहिका चालवणारे रामसनेही भैया गल्लीच्या तोंडाशी थांबले. घर साधं होतं, दुमजली, सिमेंटचं, पुढे जाळीचं दार. यमुनाबाई दारात आल्या. इस्त्रीची सुती साडी, चष्मा, हातात पेन. शब्दकोडं सोडवत होत्या.

मी माझं नाव सांगितलं. "काकू, तो कधी आला?"

"बावीसला. दुपारी तीनला. दार वाजलं, बघते तर गमछा गुंडाळून उभा. म्हणाला, आई, मला शिवू नकोस, मी वर जातो."

"चेहरा पाहिलात?"

"लांबूनच. तुम्हीच तर सांगता लांबून म्हणून." त्यांनी पेनाला टोपण लावलं. "पूर्णिमा, चार वर्षांत त्याने मला कशी आहेस म्हणून विचारलं नव्हतं. आता जिन्यातून रोज विचारतो. गुडघा कसा आहे. औषध घेतलंस का. मी त्याला शाळेतल्या मुलींच्या गोष्टी सांगते, तो ऐकतो. तुझा नमुना घे आणि जा."

जिना अरुंद होता. वरच्या पायरीवर ताट ठेवलेलं, रिकामं. पुसून ठेवल्यासारखं नाही, तर त्यात कधी काही वाढलंच नसल्यासारखं. मी ते ओलांडलं.

खोलीत एक खाट, एक कपाट, एक स्टूल. पंखा बंद होता आणि खिडकीही बंद. खाटेवरच्या चादरीला घडीच्या रेषा तशाच होत्या, म्हणजे सहा दिवसांत तिच्यावर कुणी निजलं नव्हतं. तो स्टूलवर बसला होता, खिडकीकडे पाठ करून. गमछ्यातून फक्त डोळे दिसत होते. ते मुकुलचे होते. दोनच दिवसांपूर्वी मी ते दोन मीटरवरून पाहिले होते.

मी आधार कार्ड मागितलं. त्याने खाटेकडे बोट केलं. कार्ड तिथे होतं. बरोबर होतं.

"गमछा खाली करा. मान मागे. आ करा."

त्याने गमछा ओठांपुरता खाली केला आणि "आ" म्हणायला लागला.

मी टॉर्च लावला. घशात टॉर्च मारला की सगळं लाल, ओलं, चमकतं दिसतं. इथे काही चमकलं नाही. मला वाटलं सेल उतरलाय. जीभ दाबायची पट्टी कशाला तरी टेकली, ती जीभ असेल असं मी धरून चालले आणि काडी आत घातली.

भिंत आली नाही.

काडी वीतभरापेक्षा थोडी कमी असते. निम्म्याच्या आसपास भिंत लागते, मुलांना त्याच्याही आधी. मी आणखी आत घातली. माझी बोटं त्याच्या ओठांशी आली तरी काडीच्या टोकाला काहीच लागलं नाही. त्याला उमासा आला नाही. डोळ्यांत पाणी आलं नाही. तो माझ्याकडे सभ्यपणे बघत होता आणि "आ" म्हणतच होता, एकाच पट्टीत, मध्ये श्वास न घेता. मी काडी बाहेर काढली, नळीत टाकली, मोडली, झाकण लावलं, नाव लिहिलं. तोवर ते "आ" चालूच होतं.

"झालं," मी म्हणाले. तेव्हा थांबलं.

मी जिन्याशी पोचले तेव्हा त्याने मागून विचारलं, "पुन्हा यावं लागेल का तुम्हाला?"

"नाही," मी म्हणाले.

५

दोन दिवसांनी अहवाल आले. कानपूर रोडवरच्या मुकुल टेंबेचा नकारात्मक. ओरछा गेटच्या मुकुल टेंबेसमोर लिहिलं होतं: नमुना अपुरा, पुन्हा घ्यावा.

हे नेहमीचं आहे. घाईत काडी नीट फिरली नाही की असं होतं. तरी मी प्रयोगशाळेतल्या सुरभीला फोन केला.

"दीदी, थोड़ा-बहुत तो सबका आता है," ती म्हणाली. "मशीन पहले यही देखती है कि सैंपल में आदमी का कुछ है कि नहीं. इसमें नहीं है. आपने स्टिक खोलके सीधे ट्यूब में डाल दी क्या?"

मी म्हणाले, गर्मी होती, चूक झाली असेल.

त्या दुपारी खोलीत पडल्या पडल्या मी सगळं तपासून पाहिलं. किटमध्ये घामाने काही दिसत नाही. हातमोज्यांच्या दोन थरांतून काही कळत नाही. तीन तास पाणी न पिता माणसाला अंतराचा अंदाज येत नाही. प्रत्येक कारण खरं होतं. मी सगळी कारणं एकापुढे एक ठेवली आणि तरी ती काडी तेवढ्या आत गेलीच होती.

डॉक्टरांनी पुन्हा नमुना घ्यायला सांगितलं. मी गेले नाही. नोंदीत लिहिलं, "घरच्यांचा नकार." ते खोटं होतं. माझ्या नोकरीत मी लिहिलेलं ते पहिलं खोटं.

कॉम्प्युटर एका आधारवर दोन माणसं ठेवत नव्हता. वरून आदेश आला की जुनी नोंद ठेवा, नवी काढा. त्याप्रमाणे कमलने वसतिगृहातला मुकुल काढून टाकला. तो तिथेच राहिला, त्याला जेवण मिळत राहिलं, पण यादीत तो नव्हता. हे मी त्याला सांगितलं तेव्हा तो रागावेल असं वाटलं होतं. तो कठड्याला टेकून उभा राहिला.

"बाबा गेले तेव्हा मी आलो नाही," तो म्हणाला. "तिकीट काढलं होतं. स्टेशनवरच गेलो नाही. आईने नंतर एकदाच फोन केला. म्हणाली, सगळं नीट झालं, तुझं काही अडलं नाही ना?"

वरच्या खोलीत काय पाहिलं ते मी त्याला सांगितलं नाही. नमुना नीट आला नाही, एवढंच सांगितलं.

६

नऊ जूनला त्याचे चौदा दिवस संपले. त्याचं सुटकेचं पत्र मी हाताने लिहिलं, कारण यंत्रातून ते निघेना. रामसनेही भैयांनी आम्हाला सकाळी अकराला गल्लीशी सोडलं. मला जायची गरज नव्हती. मी किटशिवाय गेले, नुसता मास्क लावून.

मुकुल जाळीच्या दारासमोर उभा राहिला. त्याने मास्क काढून खिशात ठेवला.

"आई."

यमुनाबाई आल्या. जाळीच्या आत हातभर अंतरावर थांबल्या. त्यांनी त्याच्याकडे नीट पाहिलं. चष्मा काढून, पदराने पुसून, परत लावून पाहिलं.

"किती बारीक झालास," त्या म्हणाल्या.

मी श्वास सोडला. मला वाटलं आता कडी निघेल.

वरून आवाज आला. "आई, दार उघडू नकोस."

मुकुलने मान वर केली. खिडकी बंदच होती. त्याच्या कानशिलाजवळची शीर उडताना मला दिसली. पण तो बोलला ते आईशीच, आणि हळू.

"आई, वर कोण आहे ते मला माहीत नाही. तुलाही माहीत नाही. दार उघड, तू बाहेर ये, पुढचं मी बघतो."

"तुला काय वाटतं," यमुनाबाई म्हणाल्या, "दोघांतला माझा कोणता ते मला कळत नाही?"

त्याने जाळीला हात लावला.

"पहिल्या दिवशी नव्हतं कळलं. तुझा फोन आला तेव्हा कळलं. तुझ्या आवाजात कंटाळा होता. त्याच्या नसतो."

"मग उघड ना."

"गाड्या सुरू झाल्या की तू जाशील."

गल्लीत कुणी नव्हतं. शेजारच्या घराच्या कूलरचं पाणी नालीत पडत होतं. मला वाटलं, त्याने आता नाही म्हणावं. नुसतं म्हणावं, खरं नसलं तरी चालेल. मी त्याच्याकडे बघत राहिले. त्याने तोंड उघडलं आणि मिटलं.

"अठरा दिवसांत तो एकदाही म्हणाला नाही की मला जायचंय," यमुनाबाई म्हणाल्या. मग त्या माझ्याकडे वळल्या. "याला काही खायला दे गं. सकाळपासून उपाशी असेल." आणि त्यांनी आतलं लाकडी दार लावून घेतलं.

आम्ही थोडा वेळ थांबलो. चौकीत जाऊ या, असं मी म्हणाले. तो म्हणाला, काय सांगू जाऊन? आई ओळखत नाही म्हणून? ती ओळखते. मग त्याने पिशवी उचलली. वर बघायचं त्याने टाळलं. मीही टाळलं.

७

तो आधी ग्वाल्हेरला मित्राकडे राहिला, मग पुण्याला गेला. ऑगस्टमध्ये एका रविवारी त्याचा फोन आला. आई फोन उचलत नव्हती. तीनदा लावल्यावर कुणीतरी उचलला होता.

"कोण होतं?" मी विचारलं.

"मीच," तो म्हणाला. "एकदा जाऊन याल का?"

मी दुपारी एकला गेले. पोस्टर उन्हाने पांढरं पडलं होतं. जाळीचं दार नुसतं ओढलेलं होतं आणि आतलं उघडं. मी खालून दोन हाका मारल्या. खालच्या खोलीत शब्दकोड्यांच्या वह्या एकावर एक नीट रचलेल्या होत्या, त्यांच्यावर धूळ होती. स्वयंपाकघरात कुकर अजून कोमट होता.

वरून यमुनाबाईंचा आवाज येत होता. हळू, समजावणीचा. मी अर्धा जिना चढले. तिथून खोलीचं दार दिसतं. ते उघडं होतं.

तो स्टूलवर बसला होता, माझ्याकडे पाठ करून. गमछा खांद्यावर होता. यमुनाबाई त्याच्या समोर खाटेवर बसल्या होत्या, मांडीवर ताट घेऊन. वरणभात होता. बाई निम्म्या झाल्या होत्या. गळ्याची हाडं दिसत होती, ब्लाउजच्या बाहीत दंड दोऱ्यासारखा हलत होता. त्यांनी भाताचा घास कालवला आणि त्याच्या तोंडात दिला.

हात आत गेला. बोटं गेली, तळवा गेला. मनगटावर जुनं पुरुषी घड्याळ होतं, बहुधा यजमानांचं. ते दिसेनासं झालं. त्या जराशा पुढे वाकल्या, कपाटातल्या खालच्या फळीवर काही ठेवताना वाकावं तशा. मग हात परत आला. तो कोरडा होता. एक शीतही चिकटलेलं नव्हतं. त्यांनी पुढचा घास घेतला.

मी पायरीवर आवाज केला असेन. त्यांनी मला पाहिलं. दचकल्या नाहीत.

"आत्ता नको गं, पूर्णिमा," त्या हळूच म्हणाल्या. "जेवतोय तो."

त्याने मागे वळून पाहिलं नाही. मला वाटतं, वळला असता तर मी तिथून पायऱ्या उतरू शकले नसते. मी उलट्या पावलांनी उतरले. खाली येऊन जाळीचं दार बाहेरून ओढलं आणि गल्लीच्या तोंडापर्यंत न थांबता आले.

सोमवारी मी चौकीत अर्ज दिला. आठवड्याने हवालदार जाऊन आला. मायलेक मजेत आहेत, असं त्याने सांगितलं. बहनजींनी बाहेर येऊन स्वतः तसं सांगितलं होतं.

त्याआधी, त्या रविवारीच, सीपरी बाजारच्या कोपऱ्यावर स्कूटर थांबवून मी मुकुलला फोन लावला होता.

"भेटलात?" त्याने विचारलं.

"हो. बऱ्या आहेत."

पलीकडे कारखान्यातला भोंगा वाजला.

"जेवते का नीट?" त्याने विचारलं.

त्या घरात वाढलेलं ताट एकच होतं. कुकर लहान होता, एका माणसापुरता.

"हो," मी म्हणाले.